मुल्कोवालची बाटली

बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो ठाऊक नाही असा तेथील मराठी माणूस विरळाच. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांची ती हक्काची जागा. मोठाले वृक्ष, मोकळे मैदान आणि पावसाळ्यानंतरची ती ओली सावली. मात्र या जागेला हे नाव का पडले, असे तेथे फिरणाऱ्या एखाद्या तरुणास विचारावे, तर तो बहुधा गोंधळतो. 'डेपो' म्हटले की बसगाड्याच डोळ्यांपुढे याव्यात असा हा काळ आहे. एकेकाळी येथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होत असे आणि ती मुंबई इलाख्याच्या गावोगावी देवी काढणाऱ्यांकडे रवाना होत असे, हे सांगितले की श्रोता आपल्या गुळगुळीत दंडाकडे पाहतो आणि आम्ही आमच्या दंडावरील दोन वणांकडे. देवीचा रोग गेला, देवी काढणारा गेला, डेपोचे काम गेले. नाव तेवढे उरले.

लस तयार होते तेथपासून ती दंडात शिरते तेथपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे. आपण वाचतो तो इतिहास बहुतेक पहिल्या टोकाचा असतो. जेन्नर, पाश्चर, प्रयोगशाळा, शोध हे सारे त्यात येते. दुसऱ्या टोकाला एखादे गाव असते, एक टेबल असते, एक बाटली असते आणि ती उघडणारे हात असतात. या दुसऱ्या टोकाला चूक होते तेव्हा काय घडते, आणि चुकीची चौकशी करणारे काय शोधतात, हे सांगणारे एक प्रकरण आपल्याच देशात १९०२ साली घडले. त्याची मुळे मुंबईत परळला आहेत, म्हणून ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

प्लेग म्हटले की मराठी मनात पुणे उभे राहते, रँडसाहेब आणि चाफेकर बंधू उभे राहतात. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या, हेही आठवते. त्याच काळात मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत एक परदेशी शास्त्रज्ञ रात्रंदिवस काम करीत होता, याची आठवण मात्र फारशी निघत नाही. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकीची पदवी नाही. पॅरिसला पाश्चर संस्थेत काम करून तो आधी पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत येऊन त्याने प्लेगच्या लसीस हात घातला आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज जिला आपण हाफकिन संस्था म्हणतो ती हीच.

ही लस उपयोगी आहे की नाही हे ठरविण्यासाठी झालेल्या परीक्षांपैकी सर्वांत नेटकी परीक्षा बडोदे संस्थानात झाली. बडोद्याजवळच्या उंढेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन आणि त्याचे सहकारी बॅनरमन गेले आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांस लस टोचली. निम्म्यांस मुद्दाम सोडले, म्हणजे एकाच घरात, एकाच अन्नपाण्यावर राहणाऱ्यांची तुलना करता यावी. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांस रोग झाला आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांस रोग झाला आणि ३ दगावले. हे आकडे पाहिले की आजही अंगावर शहारा येतो. ही परीक्षा आज कोणी करू धजणार नाही. त्या काळी ती झाली, आणि लसीचे मोल त्यामुळेच कळले. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या हुबळीतही हजारो लोकांनी ही लस टोचून घेतली.

पुढे पंजाबात प्लेग पसरला आणि तेथील सरकारने लाखो मात्रांची मागणी केली. परळच्या प्रयोगशाळेवर कामाचा डोंगर कोसळला. तोवर लस तयार करताना जंतू उष्णतेने मारीत आणि शिवाय राखणीसाठी तीत थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. काम जलद व्हावे म्हणून हाफकिनने पद्धत बदलली. कार्बोलिक वगळले आणि उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसमध्येही अशी रीत चालू होती, तेव्हा ही मनमानी नव्हती. तथापि या बदलाचा एक परिणाम असा की बूच निघाल्यानंतर बाटलीत बाहेरचा जंतू शिरलाच, तर त्यास अटकाव करणारे आत काहीही उरले नव्हते. पुढील सारी कहाणी या एका वाक्यात आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या भागात मुल्कोवाल नावाचे गाव आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे टोचणीचे काम झाले. पाच बाटल्या उघडल्या गेल्या आणि १०७ जणांस लस दिली गेली. सुमारे आठवडाभराने त्यांतील काही जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. पाहता पाहता १९ जण आजारी पडले आणि एकूण एक मेले. उरलेल्या ८८ जणांस काही झाले नाही. नोंदी पडताळल्या तेव्हा आढळले की मेलेल्या सर्वांस एकाच बाटलीतून लस मिळाली होती. तिच्यावर ५३-एन असा क्रमांक होता आणि ती ४१ दिवसांपूर्वी परळला भरली गेली होती.

त्या १९ जणांविषयी आपल्या हाती आहे तो एवढा आकडाच. त्यांच्या घरी काय झाले असेल याची कल्पना ज्याने धनुर्वाताचा रोगी पाहिला आहे त्यास करता येईल.

सरकारने आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे अध्यक्ष होते, सोबत दोन वैद्यकीय अधिकारी. आयोगापुढे प्रश्न आला तो असा : जंतू बाटलीत कोठे शिरला, परळला की मुल्कोवालला? आयोगाने कौल दिला की बाटली गावी उघडण्यापूर्वीच ती दूषित झालेली असावी. लंडनच्या लिस्टर संस्थेकडूनही याच बाजूचे मत आले. कार्बोलिक वगळणे हा हाफकिनवरील मुख्य ठपका ठरला. त्याचे संचालकपद गेले आणि १९०४ साली तो इंग्लंडला परतला. ज्याच्या लसीने लाखो लोक वाचत होते, तो माणूस बेजबाबदार ठरून घरी बसला. तो परदेशी होता, ज्यू होता आणि डॉक्टर नव्हता. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत त्यास आपला म्हणणारे थोडेच होते. पुढे काही जणांनी या प्रकरणास छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले, ते यामुळेच.

चौकशीचे कागद प्रसिद्ध व्हावयास १९०६ साल उजाडावे लागले. ते बाहेर आले तेव्हा जाणकारांनी बारकाईने वाचले, आणि आत जे होते ते पाहून ते चकित झाले. बाटली उघडताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो रीतसर निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरला गेला होता, असे साक्षीतच आलेले होते. जमिनीच्या मातीत, विशेषतः गुराढोरांच्या वावराच्या मातीत, धनुर्वाताचे जंतू असतात हे तेव्हाही ठाऊक होते. दुसरे असे की धनुर्वाताचा जंतू द्रवात वाढला की त्यास घाण वास सुटतो. लस टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली उघडल्यावर तिचा वास घेतला होता आणि त्यास तो नेहमीसारखाच आला होता. जंतू ४१ दिवस आत वाढत असता तर वास लपला नसता. तिसरे, जंतू इतके दिवस वाढला असता तर बाटलीत तयार विष साचले असते आणि लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती आठवडाभराने दिसली, म्हणजे त्या दिवशीच ताजे शिरलेले जंतू अंगात वाढावयास जेवढा वेळ लागतो तेवढ्याने.

हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिनची बाजू हिरिरीने मांडली. १९०७ च्या जुलैमध्ये त्यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी सहीनिशी पत्र छापले. नोव्हेंबरात सरकारने हाफकिनवरील ठपका मागे घेतला. त्यास कलकत्त्यास काम मिळाले, पण परळ पुन्हा मिळाले नाही आणि पूर्वीची सत्ताही नाही. १९१४-१५ च्या सुमारास तो निवृत्त झाला आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारला. त्याआधी, १९२५ साली, परळच्या संस्थेस त्याचे नाव दिले गेले होते. पंजाबातील टोचणीची मोठी मोहीम मात्र मुल्कोवालनंतर ढासळली ती ढासळलीच. प्लेगने या देशात पुढल्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांतील किती जण त्या एका बाटलीचे अप्रत्यक्ष बळी, याचा हिशेब कोण मांडणार?

हे प्रकरण लिहिणारे बहुतेक लेखक येथे थांबतात. निर्दोष माणसास न्याय मिळाला, उशिरा का होईना. आम्हांस येथे थांबवत नाही, कारण आमची हयात सरकारी चौकशा करण्यात आणि काही वेळा सोसण्यात गेली आहे. मुल्कोवालचे कागद जसजसे समजत गेले तसतसे आम्हांस वाटू लागले की आयोगाने आणि त्याच्या टीकाकारांनीही एकच प्रश्न विचारला : चूक कोणाची? आयोग म्हणाला हाफकिनची, टीकाकार म्हणाले कंपाउंडरची. एका बाटलीतून वीस माणसांस लस द्यावयाची, ती गावच्या धुळीत उघडावयाची, आणि हात चुकला तर आत सावरणारे काही ठेवावयाचे नाही, या व्यवस्थेविषयी कोणी काय ठरविले? कार्बोलिक पुन्हा आले हे खरे, पण ते हाफकिनचा अपराध सिद्ध करण्याच्या भाषेत आले. वास्तविक दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जंतू मुल्कोवालला शिरला, आणि परळला कार्बोलिक वगळले नसते तर तो बहुधा एवढा अनर्थ करू शकला नसता. चिमटा कोणाच्याही हातून पडतो.

आमचाच एक अनुभव सांगतो. तालुका पातळीवर असताना एका आरोग्य केंद्राच्या तपासणीस आम्ही गेलो होतो. लसी ठेवण्याच्या शीतकपाटाच्या तापमानाची वही पाहिली. महिनाभर सकाळ-संध्याकाळ चार अंश, चार अंश, एकाच शाईत, एकाच वळणात. त्याच महिन्यात त्या गावची वीज सलग दोन दिवस बंद होती हे आम्हांस अन्य कागदांवरून ठाऊक होते. नर्सबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, तापमापक गेल्या वर्षीच फुटला. मागणीपत्र दोनदा लिहिलं. रकाना रिकामा ठेवला तर मागच्या साहेबांनी मेमो दिला होता." आम्ही खोट्या नोंदीबद्दल त्यांस कारणे दाखवा नोटीस दिली. यथावकाश त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. जबाबदारी निश्चित झाली, फाईल बंद झाली. तापमापक कधी आला, की आलाच नाही, हे पाहावयास आम्ही पुन्हा गेलो नाही. नियमाने आमचे काही चुकले नव्हते. तरी मुल्कोवालविषयी वाचताना तो जेन्किन्स आयोग आम्हांस फार ओळखीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

वेगळ्या रीतीने चौकशी होऊ शकते याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलँड प्रांतातील बंडाबर्ग या गावी १९२८ च्या जानेवारीत मुलांस घटसर्पाची लस दिली जात होती. १७ तारखेस बाटलीच्या रबरी बुचातून पहिली सुई गेली. तीच बाटली पुढे आणखी काही दिवस वापरली गेली. मुलांस काही झाले नाही. दरम्यान ती भर उन्हाळ्यात साध्या कपाटात होती. २७ तारखेस तिच्यातून २१ मुलांस लस दिली आणि त्यांतील १२ मुले एक-दोन दिवसांत मेली. चार्ल्स केलावे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला. बाटलीत स्टॅफिलोकॉकस हा पू करणारा जंतू वाढला होता, तो सुईवाटे आत गेला होता, आणि लसीत त्यास रोखणारे रसायन घातलेले नव्हते. येथेही डॉक्टर होता, येथेही दोषी शोधता आला असता. आयोगाने त्याऐवजी नियम दिला : जी बाटली अनेकांसाठी पुनःपुन्हा उघडावयाची, तिच्यात जंतुरोधक असलेच पाहिजे. मुल्कोवालहून निघालेला धागा येथे गाठीस लागला.

पण सर्वच लसींत जंतुरोधक घालता येत नाही, आणि आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खरी मेख तीच आहे. गोवर-रुबेला, बीसीजी यांसारख्या लसींत जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो. जंतुरोधक घातले तर तोच मरेल. म्हणून या लसी भुकटीच्या रूपात येतात आणि ऐन वेळी द्रावणात कालवतात. केंद्रातील मंडळी त्या द्रावणास डायल्युएंट म्हणतात. भुकटी कालवली की बाटली मुल्कोवालच्या बाटलीसारखीच उघडी आणि निःशस्त्र होते. म्हणून कालवल्यापासून चार तासांत ती संपवावी, न संपल्यास फेकून द्यावी, असा दंडक आहे. कालवल्याची वेळ बाटलीवर लिहावयाची असते. हा नियम मोडला गेल्यामुळे बंडाबर्गच्याच जंतूच्या विषाने लहान मुले काही तासांत दगावल्याची उदाहरणे जगात अनेक ठिकाणी घडली आहेत. उलट, पेंटाव्हॅलंट किंवा धनुर्वात-घटसर्पाच्या द्रवरूप लसींत जंतुरोधक असते. त्या बाटल्या नीट थंड ठेवल्या तर चार आठवड्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. एकाच टेबलावर दोन प्रकारच्या बाटल्या आणि दोन उलट नियम. शंभर मुलांची रांग, आयांचा गलबला, बाहेर रिक्षावाल्याची घाई. चूक होत नाही हेच नवल.

मधल्या काळात पुष्कळ काही सुधारले, आणि ज्या सुधारणा खरोखर उपयोगी पडल्या त्यांत एक समान गोष्ट दिसते. त्या माणसाच्या सावधपणावर विसंबत नाहीत. आमच्या लहानपणी काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरीत. नीट उकळली की नाही हे उकळणाऱ्यालाच ठाऊक. २००५ च्या सुमारास सरकारी लसीकरणात एकदा वापरल्यावर आपोआप अडकणारी सिरिंज आली. ती पुन्हा वापरू म्हटले तरी वापरता येत नाही. लसीच्या बाटलीवर आता एक लहानसा चौकोन असतो, तो उष्णतेने काळवंडत जातो. पोलिओच्या बाटल्यांवर तो १९९६ पासून आला. बाटलीस ऊन लागले की नाही हे वहीतल्या 'चार अंशां'वरून नव्हे तर बाटलीकडे पाहूनच कळते. आम्ही नोटीस दिली त्या बाईंच्या केंद्रात प्रत्येक बाटलीवर तो चौकोन असता, तर त्या खोट्या रकान्याची निम्मी भीती आपोआप गेली असती.

तरीही चुका घडतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी बारा मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर गेले. करोनाचे दिवस, टेबलावर दोन्ही बाटल्या. मुले सुदैवाने बरी झाली. तिघांस निलंबित करण्यात आले. टेबलावर लसीखेरीज दुसरे द्रव असूच नये, हा साधा विचार त्या बातमीच्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. सामोआ या पॅसिफिकमधील चिमुकल्या देशाने तर फार मोठी किंमत मोजली. १९१८ च्या इन्फ्लुएंझात त्या बेटांवरील फार मोठी लोकसंख्या नाहीशी झाली होती, तेव्हा साथ म्हणजे काय हे त्यांस शिकविण्याची गरज नव्हती. २०१८ च्या जुलैमध्ये तेथे गोवराच्या लसीची भुकटी डायल्युएंटऐवजी स्नायू शिथिल करणाऱ्या, मुदत संपलेल्या औषधात कालवली गेली आणि दोन बाळे दगावली. दोन परिचारिकांस पुढे तुरुंगवास झाला. दरम्यान सरकारने ते लसीकरणच कित्येक महिने थांबविले, आणि आयांचा विश्वास उडाला तो उडालाच. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली. ८३ जण गेले, बहुतेक सारी लहान मुले. मुल्कोवालनंतरच्या पंजाबची आठवण व्हावी असेच हे घडले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या परिभाषेत २०१२ पासून अशा घटनांस लसीकरणातील चुकीशी निगडित प्रतिक्रिया असे संबोधितात, आणि लसीतील दोष, सुईची भीती, निव्वळ योगायोग यांपासून त्या वेगळ्या काढतात. शब्द रुक्ष आहे. पण १९०२ साली असा वेगळा रकाना असता तर हाफकिनची तीन-चार वर्षे तरी वाचली असती, असे आम्हांस राहून राहून वाटते. मात्र रकाना भरावयाचा तर चूक सांगणारा निर्धास्त हवा. एक जादा बाटली फोडली म्हणून वाया गेलेल्या मात्रांबद्दल ज्या नर्सबाईंकडून खुलासा मागवितात, त्या चार तासांची मर्यादा संपल्यावर बाटली फेकतील की अजून दोन मुले येऊ देतील? या प्रश्नाचे उत्तर त्या बाईंकडे नसते, खुलासा मागविणाऱ्याकडे असते.

गेल्या हिवाळ्यात नातीस लस देण्यासाठी सूनबाईंबरोबर आम्ही आमच्या भागातील नागरी आरोग्य केंद्रात गेलो होतो. काम झाल्यावर अर्धा तास तेथेच बसावे लागते, आणि त्या दिवशी गर्दीमुळे आमचा मुक्काम बराच लांबला. नर्सबाई तरुण होत्या. गोवर-रुबेलाची बाटली कालवताच त्यांनी तिच्यावर पेनाने 'नऊ चाळीस' असे लिहिले होते, ते आम्हांस बाकावरूनही दिसत होते. आवराआवर सुरू झाली तेव्हा एक बाई धापा टाकीत आल्या, कडेवर मूल. बाटलीत लस शिल्लक होती. नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पावणेदोन झाले होते. त्यांनी ती बाटली टाकावयाच्या डब्यात ठेवली, एका मुलासाठी नवी बाटली काढली, वेळ लिहिली, आणि वहीत वाया गेलेल्या मात्रांच्या रकान्यात आकडा भरला.